टाकीचं भाडं

अजिनाथच्या पायाला भिंगरी आहे हे नांदूरघाटात शेंबड्या पोरालाही ठाऊक. जन्म गेला दुसऱ्यांच्या ट्रकांवर ड्रायव्हरकी करण्यात. घरात सलग दोन दिवस राहिला तर त्याला भिंती टोचायला लागायच्या. आणि असा हा माणूस महिनाभर घरात बसून होता, वर भेटेल त्याला सांगत होता की आपल्याला बसायचेच पैसे मिळतात. आता ह्याला काय म्हणावं!

झालं होतं असं. अजिनाथनं स्वतःचा घोडा घेतला होता. घोडा म्हणजे चार पायांचा नव्हे बरं का. मोठ्या गाडीचं जे पुढचं तोंड असतं, इंजिन, केबिन आणि ओढायची ताकद, त्याला ट्रकवाले घोडा म्हणतात. मागं माल भरायची लांबलचक टाकी असते ती वेगळी घेऊन जोडावी लागते, आणि ती घ्यायची तर घोड्याएवढे पैसे पुन्हा मोजावे लागतात. ते अजिनाथकडं कुठले असायला? घोडाच मुळात चार हात फिरून आलेला. मग तो टाकीसाठी चौसाळ्याला गेला, विजयसिंहदादांकडं.

दादांचं घराणं मोठं. बागायत शेती, निवडणुका, हायवेला पंप, आणि पंपामागच्या मैदानात राख वाहायच्या टाक्यांची ही रांग. वीजकेंद्राची राख भरायची आणि सोलापूरकडच्या सिमेंट कारखान्यात नेऊन ओतायची, हा धंदा. ज्याच्याकडं घोडा आहे पण टाकी नाही अशा गड्याला दादा टाकी द्यायचे, मालही द्यायचे आणि टनामागं दर द्यायचे. दर बाजारापेक्षा चढाच. कोणालाही वाटावं, माणूस देव आहे.

बोलणं झालं ते पंपावर उभ्या उभ्या. हायवेनं गाड्या कान फाडत चाललेल्या, दादांच्या एका कानाला मोबाईल.

"हे बघ अजिनाथ," दादा म्हणाले, "टनाचा दर येगळा, टाकीचं भाडं येगळं. भाडं म्हैन्याच्या म्हैन्याला चुकतं व्हतं. मंग गाडी पळो न पळो. जमतंय?"

अजिनाथला वाटलं आपण चुकून दुसऱ्याचं नशीब ऐकलं. ड्रायव्हर माणसाच्या तोंडी भाडं म्हणजे गाडीची कमाई. भाडं लागलं, भाडं मारलं, आज काय भाडं न्हाई गड्या. उठता बसता हाच शब्द. मोठ्या कंपन्या महिन्याच्या करारानं गाड्या बांधून घेतात आणि त्या उभ्या राहिल्या तरी पैसे देतात, असंही त्यानं पुण्याकडच्या ढाब्यांवर ऐकलेलं. म्हणजे खेपा मारल्या तर टनाचे पैसे, आणि वर टाकीचं भाडं महिन्याला ठरलेलं. दोन्हीकडून! "जमतंय न्हवं दादा, पळतंय," असं म्हणून त्यानं दादांचे पायच धरले. दादांनाही जरा नवल वाटलं असणार. टाकी घेताना कुरकुर करणारेच त्यांनी आजवर पाहिले होते. पण हरखलेल्या माणसाला कोण कशाला थांबवतं?

चार खेपा झाल्या आणि सिमेंट कारखाना दुरुस्तीला बंद पडला. राख कोणी घेईना. रस्त्याकडेला टाक्या उभ्या राहिल्या, ड्रायव्हर-मालकांचे चेहरे उतरले, आणि आमचा अजिनाथ नांदूरघाटात बाजेवर आडवा पडून शेंगा खात होता.

आडवा पडला, पण पडवेना. खुशी होती, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी उठून घोडा धुवायचा. दुपारी पुन्हा धुवायचा. टायरांवर हातोडी मारून हवा बघायची, स्टँडवर जायचं, चहा न पिताच परत यायचं. रात्री बाजेवर त्याचा पाय आपोआप क्लच दाबायचा. मोकळं बसून खायची त्या अंगाला सवयच नव्हती.

"अवो, बसायचे पैसे मिळत्यात म्हणता ना?" त्याची बायको वर्षाराणी वैतागून म्हणायची. "मंग बसा की एका जागी! डोळ्यापुढं नुसतं गरगरतंय."

"तुला न्हाई कळायचं, वर्षे. लई मोठं काम झालंय आपलं."

आणि हे मोठं काम त्यानं स्वतःपाशी ठेवलं असतं तर बिघडलं नसतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. केजला सासुरवाडीत बारसं होतं, तिथं पंगतीत जावईबापूंनी सगळ्यांदेखत सांगितलं: दर टनामागं, भाडं महिन्याला, गाडी पळो न पळो. जेवणारे घास हातात धरून ऐकत राहिले. सासूबाई सुंदरबाईंनी जावयाला न विचारता आणखी दोन बुंदीचे लाडू वाढले. आणि मेहुणा युवराज, वर्षाराणीचा धाकटा भाऊ, तो तर दाजींच्या मांडीला मांडी लावूनच बसला.

युवराजकडं एक पिकअप होती. भाजीपाला, सिमेंटची पोती, लग्नातली भांडी, मिळेल ते वाहायचा आणि कसाबसा का होईना, मानानं राहायचा.

"दाजी, माझं बी बघा की," तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात? घे घोडा. टाकी मी मिळवून देतो. माझा शब्द हाय बे!"

युवराजनं पिकअप विकली. जुना घोडा बघितला, घेतला, आणि दाजींचं नाव सांगून दादांना फोनही करून ठेवला. महिना सरता सरता तो घोडा केजला दारात येऊन उभा राहायचा होता आणि दुसऱ्या दिवशी चौसाळ्याला जाऊन टाकी जोडायची होती. पूजेसाठी वर्षाराणी आधीच माहेरी गेली. अजिनाथनं ठरवलं, आपण आधी चौसाळ्याला जायचं, महिन्याचं भाडं खिशात घालायचं आणि पेढे घेऊन थेट केज गाठायचं.

पंपामागच्या खोलीत दादा पंख्याखाली बसले होते. अजिनाथनं राम राम घातला. दादा मनापासून खूश झाले.

"बरं झालं आलास. निरोप धाडायच्या आत आलास म्हंजे माणूस सरळ हायस. आण."

"काय आणू दादा?"

"भाडं."

अजिनाथ हसला. त्याला वाटलं दादा गंमत करतात. "तेच न्यायला आलोय की."

दादाही हसले. त्यांनाही वाटलं हा गंमत करतोय. मग दोघंही थोडा वेळ हसत राहिले, आणि आधी दादांचं हसू थांबलं.

"अजिनाथ, टाकी कुणाची हाय?"

"तुमची."

"वापरतंय कोण?"

"म्या."

"मंग भाडं कुणी कुणाला द्यायचं? मी तुला दिऊ? माझी टाकी तू दारात उभी करायची आन् वर मीच तुला पैसे मोजायचे? तुज्या घरात कुणी भाड्यानं ऱ्हायला आलं तर तू त्याला पैसे देतोस का रं?"

अजिनाथच्या कानात एकदम शिट्टी वाजल्यासारखं झालं. भाडं! घरभाड्यातलं भाडं! खोलीचं असतं तसं टाकीचं, घेणाऱ्यानं द्यायचं. इतका सरळ शब्द. लहान पोरालाही कळावा असा. आणि त्या पंपावर उभं राहून आपण त्याचा उलटाच अर्थ लावला, महिनाभर शेंगा खात बसलो, पंगतीत फुशारक्या मारल्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

"पण दादा, गाडी तर उभीच हाय. कारखाना बंद. खेप न्हाई, काय न्हाई."

"म्हणूनच म्हणलो व्हतो ना, पळो न पळो." दादांचा आवाज काही चढला नाही. ती माणसं आवाज चढवत नाहीत. "बाजारापेक्षा दर जादा देतो तो काय उगाच? तो जादा दर टाकीच्या भाड्यातून परत येतो माझ्याकडं. धंदा हाय गड्या."

अजिनाथ उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. पुन्हा उठला. खिशात डिझेलपुरते पैसे होते, बाकी खडखडाट. चार खेपांचं आलं ते टायरात गेलेलं.

दादांनी त्याला दोन येरझाऱ्या घालू दिल्या आणि मग खुर्ची पुढं ओढली. "बस. तुझं तोंड बघून मला बी वंगाळ वाटतंय. एक सांगतो, ऐक. तुझा मेहुणा उद्या येतोय म्हणं. तुज्याच शब्दावर येतोय. त्याची टाकी जोडली की तुझं ह्या म्हैन्याचं भाडं माफ. आजूक एक आणलास की फुडच्या म्हैन्याचं माफ. तुला बोलता लई छान येतं म्हणं. चांगलं काम हाय."

"म्हंजे मुकादमी करू?"

"मुकादमी म्हण, काय बी म्हण."

बाहेरच्या माणसाला हा शब्द साधा वाटेल. पण अजिनाथचे आईबाप, आश्रुबा आणि मंजुळाबाई, उभा जन्म ऊसतोडीला गेले. दिवाळी झाली की मुकादम वस्तीवर यायचा, गोड बोलायचा, पोराच्या हातावर गोळी ठेवायचा आणि घरंच्या घरं ट्रकात घालून कारखान्याला न्यायचा. आश्रुबा कधी कोणाला शिवी द्यायचा नाही, पण मुकादमाचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा. माणसं देऊन पोट भरणारा, असं तो म्हणायचा. अजिनाथनं स्टिअरिंग हातात धरलं ते त्या ट्रकात मागं बसायला लागू नये म्हणूनच.

"न्हाई दादा," अजिनाथ म्हणाला. "मला टाकी नको. भाडं देतो, कसं बी करून देतो. पण माणूस न्हाई देत."

"तुझी मर्जी," दादा म्हणाले आणि मोबाईल बघायला लागले.

मैदानात जाऊन अजिनाथनं घोड्यामागं जोडून आणलेल्या टाकीचे लोखंडी पाय जमिनीला टेकवले, हवेच्या नळ्या ओढून काढल्या आणि घोडा पुढं घेतला. मागं काही नसलेला घोडा रस्त्यावर धड चालत नाही. खड्डा आला की उडतो, ब्रेक लावला की नाचतो. चौसाळ्यापासून त्याचं डोकं तीन वेळा छताला आपटलं, पण त्यानं वेग कमी केला नाही. नांदूरघाट आलं, घर आलं, थांबला नाही. पेढे घ्यायचे राहिले. त्याला एकच दिसत होतं: आज सांगितलं नाही तर उद्या युवराज टाकी जोडणार. आणि सांगायचं म्हणजे सगळ्या सासुरवाडीसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की मी गाढव आहे. नाक कापून हातात द्यायचं काम. बरं, देऊ या. नाक काय, परत उगवंल. पिकअप परत येत नाही.

केजला दारात युवराजचा घोडा झेंडूच्या माळांनी नटून उभा होता. सुंदरबाई औक्षणाचं ताट घेऊनच पुढं आल्या, कारण जावयाच्या पायगुणानंच घरात घोडा आला, असं त्यांचं म्हणणं. वर्षाराणी हसत दारात उभी होती. तिच्याकडं न बघता अजिनाथनं ताटासमोर उभं राहूनच बोलून टाकलं.

"मामी, ताट ठिवा. युवराज, टाकी जोडू नगंस. माझी चूक झाली. ते भाडं आपल्याला मिळत न्हाई. आपण द्यायचं असतं."

सुंदरबाईंनी ताट पायरीवर ठेवलं. मग युवराज हसला.

"दाजी, काय बी काय? घोडा आपला, डिझेल आपलं, चालवायचं आपण, आन् भाडं बी आपणच द्यायचं? आजवर माल वाहणाऱ्यानं कुणाला भाडं दिलंय का? अशी कुठं रीत असती का!"

आणि खरं सांगा, काय चुकलं त्याचं? जगाच्या रीतीनं बघितलं तर युवराजचंच बरोबर होतं.

"अरे बे, टाकीचं भाडं म्हंजे खोलीचं असतं तसं! मी आत्ताच तिथून आलोय. टाकी सोडून आलोय!"

"सोडून?" युवराजचं हसू उतरलं. "कावून सोडली?"

"भाडं भरायला न्हाई म्हणून."

युवराज एक पाऊल मागं सरला. "मला कळलं दाजी. तुमचं दादांसंगं बिनसलंय. तुमी टाकी घालवली आन् आता माझी बी जोडू न्हाई म्हणताव. एवढे दिवस बसून खाल्लं, तवा न्हाई आठवलं हे?"

"युवराज!" वर्षाराणी ओरडली.

"तू गप, ताई. थांबा, समद्यांसमोर इचारतो." त्यानं मोबाईल काढला, दादांना लावला आणि आवाज मोठा केला. "दादा, केजचा युवराज बोलतोय. उद्या येतोय. तेवढं एक इचारायचं व्हतं. गाडी उभी राहिली तर टाकीचं भाडं बंद व्हतं का?"

"छ्या! एक दिवस बी बंद व्हत न्हाई," दादांचा आवाज अंगणभर घुमला. "म्हैन्याच्या म्हैन्याला चुकतं व्हतं. निर्धास्त ये."

"कोण कुणाला देतं ते इचार!" अजिनाथ धावला. "एवढंच इचार, कोण कुणाला!" पण फोन ठेवला गेला होता.

"असं इचारू? दादा म्हणतील, भाडं कुणी द्यायचं एवढं बी ह्याला कळत न्हाई," युवराज म्हणाला. सुंदरबाईंनी ताट उचललं आणि घोड्याला ओवाळलं.

त्या रात्री कोणी धड जेवलं नाही. सकाळी युवराजनं घोडा चालू केला तर गल्लीच्या तोंडाशी अजिनाथचा घोडा आडवा उभा. युवराजनं हॉर्न दिला. अजिनाथ हलेना. घराघरांतून माणसं बाहेर आली.

"मी संगं येतो," अजिनाथ केबिनमधून म्हणाला. "दादाच्या तोंडावर इचारू. मंग जोड."

"तुमी आलाव तर मला टाकी मिळंल का? भांडून आलाव तुमी. सरका दाजी, आता बास झालं."

"जावईबापू, शुभ कामाला आडवं येऊ न्हाई," सुंदरबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या.

मग वर्षाराणी आली आणि पायरीवर पाय देऊन केबिनमध्ये चढली. "काढा गाडी."

"तुला बी माझं खोटं वाटतं?"

"मला काय वाटावं?" तिचे डोळे भरले होते. "म्हैनाभर तुमी सांगत व्हता भाडं मिळतं. काल सांगितलं द्यायचं असतं. म्या कोणच्या नवऱ्यावर इस्वास ठिवू? आन् तुमी असं आडवं पडल्यानं तो आजूक इरंला पेटलाय. काढा. लोक बघत्यात."

अजिनाथनं गियर टाकला. त्याच्या बोलण्यावर युवराजचा केवढा विश्वास बसला होता! तेव्हा तोंडातून एकदा निघालं आणि पिकअप गेली. आता दहादा ओरडून माळेतलं एक फूल हलत नव्हतं. घोडा बाजूला झाला आणि युवराज हॉर्न वाजवत निघून गेला.

नवरा-बायको दुपारी नांदूरघाटला आले.  घरी आल्यावर अजिनाथ बसला नाही; अंगणात इकडून तिकडं, तिकडून इकडं. युवराजला फोन लावायचा, तो उचलायचा नाही. पुन्हा लावायचा. वर्षाराणीनं भाकरी ठेवली ती तशीच राहिली. मग फोन वाजला आणि त्यानं बघायच्या आत कानाला लावला.

"अजिनाथ, आला तुझा मेहुणा," दादा म्हणाले. "टाकी जोडली. पोरगं गुणी हाय, काही इचारलं न्हाई. तुझं भाडं माफ. बोललो तसं केलं बघ."

"दादा, म्या न्हाई आणला त्याला. म्या आडवा पडलो. माझं भाडं मी देतो, घोडा इकून देतो, पण माफ करू नका!"

"कसा का येईना. तुजं नाव सांगून आला, तुज्याच नावावर धरणार मी. मुकादमाला काय माणूस वढून आणावा लागत न्हाई." आणि हसून त्यांनी फोन ठेवला.

अजिनाथ अंगणाच्या मधोमध उभा राहिला. कालपासून पहिल्यांदाच त्याचे पाय थांबले होते. वर्षाराणी दारात आली.

"कुणाचा व्हता?"

"दादांचा. माझं भाडं फिटलं म्हणले."

तिचा चेहरा उजळला, खरंच उजळला. मग तिनं भाकरीचं ताट खाली ठेवलं.

"फिटलं? कुणी फेडलं?"

"तुज्या भावानं," अजिनाथ म्हणाला.